आधी तळ, मग गळ

गळाचं सामान घ्यायचं म्हटलं की माणूस आधी दुकान गाठतो. तिथे काचेच्या कपाटात रिळं असतात, भिंतीवर रंगीत नकली मासे टांगलेले असतात आणि दुकानदार विचारतो तो फक्त खर्चाचा अंदाज. कुठल्या पाण्यात, कुठल्या मोसमात, कुठला मासा, हे कोणी विचारत नाही. माझं सांगणं असं की दुकानाच्या आधी धरणावर जावं, तेही हातात काठी न घेता. उजनी, पवना आणि पानशेतच्या काठावर बसून जे कळत गेलं ते इथे मांडतो. नवख्या माणसाचे पैसे वाचावेत आणि माशांचे हाल कमी व्हावेत, या दोन्ही गोष्टी मला सारख्याच महत्त्वाच्या वाटतात.

१. उन्हाळ्यात तळ चालून घ्या

भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी आणि त्यातला ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा. पाणी उपयुक्त साठ्याच्या खाली उतरलं की इंदापूर-करमाळ्याकडे लोक म्हणतात, "धरण मायनसमध्ये गेलं." शेतकऱ्यासाठी ते दिवस घोराचे असतात, पाणी मागे हटेल तसा पंप पुढे सरकवत न्यावा लागतो. याच दिवसांत एरवी बुडालेली जमीन उघडी पडते. जुन्या वाटा, घरांचे चौथरे, विहिरींचे कठडे, बाभळींची खोडं दिसायला लागतात. पळसदेवचं जुनं पळसनाथाचं मंदिर पाण्याबाहेर येतं आणि लांबलांबून लोक ते पाहायला जातात.

मी त्या दिवसांत वही घेऊन फिरतो. ओढ्याचं जुनं पात्र कुठून वळतं, दगडी बांध कुठे आहे, उतार कुठे एकदम तुटतो, हे सगळं लिहून ठेवतो. खूण अशी धरावी की ती भरल्या धरणातही दिसेल. पलीकडच्या काठावरची पाण्याची टाकी आणि तिच्यामागचा मोबाईलचा मनोरा एका रेषेत आले की आपण अमुक विहिरीच्या समोर उभे आहोत, अशा दोन-दोन खुणांच्या रेषा वहीत असल्या म्हणजे पुरे. मोबाईलवर जागा टिपली तरी चालतं, पण रेघ डोळ्यांत बसलेली असली की पहाटेच्या धूसर उजेडातही गळ हव्या त्या ठिकाणी पडतो.

ऑक्टोबरात धरण काठोकाठ भरलेलं असतं तेव्हा चहूकडे सारखंच पाणी दिसतं. मे महिन्यात तळ पाहिलेल्या माणसाला मात्र ठाऊक असतं की समोर बांध आहे आणि बांधापलीकडे ओढा. रोहू, मृगळ जुन्या ओढ्याच्या पात्राने फिरतात आणि बांधाच्या आडोशाला चरत थांबतात. खोडांच्या जागा टाळायच्या असतात, नाहीतर एका सकाळीच निम्मे गळ तळाला जातात. एकदा हे माहीत झालं की किती लांब फेकणारी काठी लागेल आणि तंगूस (गळाचा दोरा) किती जाड हवा, या प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतात.

तळ चालताना एक भान असू द्यावं. तो चौथरा कोणाच्या तरी घराचा आहे. धरणग्रस्तांपैकी अनेक कुटुंबं आजही काठच्या गावांत राहतात, आणि पाणी ओसरलं की म्हातारी माणसं जुनं गाव पाहायला येतात. त्यांच्याशी बोला. ओढा कुठे होता, पाणवठा कुठे होता, कुठल्या विहिरीला बारमाही पाणी होतं, हे त्यांच्याइतकं नेमकं कुठलाही नकाशा सांगत नाही.

२. मग मासळी बाजार बघा

उजनीचा मासा सकाळी भिगवण आणि इंदापूरच्या बाजारात उतरतो. तिथे तासभर उभं राहावं. चिलापी किती, कटला-रोहू किती, मरळ आली का, वाम आली का, मासा साधारण केवढा आहे, हे डोळ्यांसमोर असतं. नीट विचारलं तर मच्छीमार जाळं किती खोलीवर लावलं होतं तेही सांगतो.

आणि माशाचं तोंड बघा. कटल्याचं डोकं मोठं, तोंड वर वळलेलं. तो पाण्याच्या वरच्या थरात तरंगणारे बारीक जीव खातो. रोहूचं तोंड किंचित खाली, ओठ झालरदार. त्याचा वावर मधल्या थरात जास्त. मृगळाचं तोंड पार खालच्या बाजूला, कारण तो तळाचा गाळ चाळतो. म्हणजे एकाच काठावर, आमिषाच्या एकाच गोळ्यावर हे तिघे हवे असतील तर गळ तीन वेगवेगळ्या खोलींवर लागतो. कटल्यासाठी बूच लावून गळ पृष्ठभागाखाली दोन-तीन फुटांवर लोंबता ठेवावा, मृगळासाठी शिसं लावून थेट तळाला टेकवावा आणि रोहूसाठी या दोहोंच्या मध्ये शोध घ्यावा. "इथे मासाच नाही," असं म्हणत जो उठतो, त्याचा गळ बहुतेक वेळा माशाच्या डोक्यावरून किंवा पोटाखालून गेलेला असतो.

३. घाटाकडचं पाणी वेगळं, देशावरचं वेगळं

पवना, पानशेत, मुळशी ही डोंगरातली धरणं. काठ खडकाळ, उतार तीव्र, पाणी खोल आणि पावसाळ्यानंतर निवळ. उजनी पसरट, गाळाची. पुणे-पिंपरीचं सांडपाणी नद्यांवाटे तिथे उतरतं, त्यामुळे पाणी हिरवट आणि शेवाळाने जड. एकाच पेटीने या दोन्ही ठिकाणी काम होत नाही.

निवळ पाण्यात मासा डोळ्याने ओळखतो. तंगूस बारीक हवा, गळ लहान हवा आणि आपण काठापासून मागे, झुडपाच्या आडोशाला बसलेलं बरं. पांढरा सदरा घालून खडकाच्या टोकावर उभं राहिलं तर जवळचा मासा निघून जातो. हिरव्या, गढूळ पाण्यात मासा वासाने येतो. तिथे तंगूस थोडा जाड असला तरी बिघडत नाही, आमिषाचा वास मात्र नेमका हवा.

आणखी एक गोष्ट खोल धरणांबद्दल. एप्रिल-मेमध्ये वरचं पाणी तापतं, खालचं थंड राहतं आणि दोन्ही थर एकमेकांत मिसळत नाहीत. खालच्या थरातला प्राणवायू कमी होत जातो. अशा वेळी पानशेतच्या खोल भागात गळ तळाला सोडून बसणं म्हणजे वेळ घालवणं. मासा मधल्या पाण्यात किंवा ओढ्याच्या तोंडाशी, उथळ बाजूला असतो.

४. काठी, रीळ, तंगूस

काठावरून कटला-रोहू-मृगळ धरायचे तर आठ ते दहा फुटांची, मध्यम ताकदीची काठी पुरते. लांबी हवी ती गाळाच्या किंवा गवताच्या पट्ट्यापलीकडे फेकता यावं म्हणून. मरळीसाठी सात फुटांची, थोडी कडक. रीळ म्हणजे साधं स्पिनिंग रीळ, कार्पसाठी, म्हणजे कटला-रोहू-मृगळासाठी, ३००० किंवा ४००० आकाराचं, मरळीसाठी २५०० चालतं. बेअरिंग किती आहेत यावर पैसे खर्च करू नका, ड्रॅग (माशाने ओढल्यावर तंगूस सोडणारी रिळाची चकती) गुळगुळीत सुटतो का ते दुकानातच ओढून बघा. थबकत, झटके देत सुटणारं रीळ कितीही स्वस्त असलं तरी परत ठेवा.

तंगूस १५ पौंडांचा, म्हणजे साधारण सात किलोचा ताण सोसणारा, हे धरणातल्या कार्पसाठी माझं ठरलेलं माप. नायलॉनचा तंगूस ताणला जातो, आणि मोठ्या माशाने अचानक धाव घेतली की तोच ताण काठीला आणि माशाच्या ओठाला झटक्यापासून वाचवतो. विणलेली दोरी, जिला सगळे ब्रेड म्हणतात, ती ताणली जात नाही. ती मरळीच्या कामाची, कार्पच्या नाही, असं माझं ठाम मत आहे.

ड्रॅग लावायची सोपी रीत सांगतो. तंगुसाच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ताणावर रीळ सुटायला हवं. १५ पौंडांच्या तंगुसासाठी हा ताण दोन किलोच्या आसपास येतो. दोन लिटरची पाण्याने भरलेली बाटली तंगुसाला बांधून थेट रिळापासून लोंबती धरा. ती हळूहळू खाली जायला लागेल इतपतच ड्रॅग घट्ट ठेवा. दहा किलोचा कटला गळाला लागल्यावर चकती पिळत बसण्यापेक्षा घरच्या ओट्याशी केलेली ही दोन मिनिटांची तयारी जास्त उपयोगी पडते.

गळांचे आकडे उलटे चालतात. १० नंबर लहान, ४ त्याहून मोठा. रोहूसाठी ४ ते ६, चिलापीसाठी ८ ते १०. गळ नखावर हलकेच टेकवून बघा. टोक नखात रुतलं तर चालेल, घसरलं तर टाकून द्या.

५. गाठ ओली करा

गाठ आवळण्याआधी तिला थुंकी किंवा पाणी लावा. कोरडा नायलॉन घासताना तापतो आणि गाठीतच कमजोर होतो. नायलॉनला पाच-सहा वेढ्यांची क्लिंच गाठ, ब्रेडला पालोमार. या दोन डोळे मिटून बांधता आल्या पाहिजेत. तंगुसाचे शेवटचे दोन-तीन मीटर बोटांमधून ओढून खरखर लागते का बघा आणि लागली तर तेवढा भाग कापून टाका. शिशाच्या गोळ्या दाताने दाबू नका. शिसं विषारी असतं, पक्कड वापरा.

६. आमिष स्वयंपाकघरात तयार होतं

महागड्या बाटल्यांतली सुगंधी द्रव्यं मी वापरून पाहिली आहेत आणि त्यांची गरज नाही या मतावर आलो आहे. आपल्याकडचा रोहू आपल्याच जिनसांवर येतो.

माझा गोळा असा असतो. शेंगदाण्याची पेंड रात्रभर भिजवायची. सकाळी ती पिळून तिच्यात कणीक आणि भाजलेल्या चण्याचं पीठ मिसळायचं. मेथी आणि बडीशेप कोरडी भाजून जाडसर कुटून घालायची, चिमूटभर हिंग, थोडा गूळ. मळताना पाणी जपून घालायचं. गोळा पुरीच्या कणकेसारखा घट्ट हवा, म्हणजे फेकताना सुटत नाही आणि पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं हळूहळू विरघळत राहतो. थंडीत मेथी-हिंगाचा उग्र वास कमी करतो आणि गूळ थोडा वाढवतो. हिरव्या पाण्यात उलट.

गळाजवळ मासा गोळा करायला आधी चारा टाकावा लागतो. पेंड आणि भाताचा कोंडा काठच्या मातीत कालवून मुठीएवढे गोळे करायचे आणि गळ पडणार त्याच जागी फेकायचे. प्रमाण कमी ठेवा. पाटीभर चारा खाऊन सुस्तावलेल्या माशाला आपल्या गळावरच्या गोळ्यात रस उरत नाही, आणि तळाशी सडलेला चारा पाणी बिघडवतो ते वेगळंच. सुरुवातीला चार-पाच गोळे, नंतर प्रत्येक माशामागे एक.

एक रीत विशेष सांगण्यासारखी आहे. गोळा गळात खुपसायचा नाही. गळाच्या मागच्या बाजूला बोटभर बारीक दोरा बांधून त्यावर भिजवलेला चणा किंवा कडक गोळा ओवायचा आणि गळ उघडाच ठेवायचा. कार्प आमिष ओढून घेतो, नको वाटलं तर थुंकतो आणि त्या क्षणी उघडा गळ ओठात बसतो. घशात जात नाही. मासा परत सोडायचा असेल तर याहून चांगली रीत नाही.

गांडूळ कुठेही चालतं, पण ते लावलं की चिलापी दुसऱ्या कोणाला जवळ येऊ देत नाही.

७. वारा कुठून येतो ते बघा

भीमेच्या काठावर पिढ्यान् पिढ्या मासेमारी करणारा भोई समाज वाऱ्याकडे बघून जाळं टाकतो. पळसदेवच्या बाजूला एका भोईमामांनी मला सांगितलं होतं, "पाव्हणं, काठी नंतर काढा. आधी वारं कुठनं येतंय ते बघा, अन् ते ज्या काठाला लागतंय तिथं बसा." सगळे लोक वारा पाठीशी घेऊन बसतात, कारण फेक लांब जाते आणि डोळ्यांत पाणी येत नाही. पण वारा वरच्या थरातलं पाणी आणि त्यातले बारीक जीव समोरच्या काठाकडे ढकलत नेतो, आणि कटला त्यांच्या मागोमाग जातो. दोन-तीन दिवस एकाच दिशेने वारा वाहिला असेल तर वाऱ्याला तोंड देणारा काठ हमखास निवडावा. फेक कमी अंतराची झाली तरी हरकत नाही, मासा जवळ आलेला असतो.

हिवाळ्यात, डिसेंबर-जानेवारीत, पहाटे उठून कुडकुडण्यात फारसा अर्थ नाही. पाणी गार असताना कार्प कमी खातो. उन्हं वर आल्यावर, अकरा ते तीन या वेळात उथळ बाजूला बसा. मार्चनंतर मात्र पहाट आणि सांजवेळच खरी.

८. मरळ: घाई नको, आणि पिल्लांवर हात नको

मरळीचं सामान वेगळं, मनोवृत्तीही वेगळी. कार्पसाठी बसावं लागतं, मरळीसाठी चालावं लागतं. जलपर्णीचे पट्टे, कमळांची डबकी, पाणी उतरल्यावर मागे राहिलेली लव्हाळ्यातली उथळ जागा, तिथे ही दबा धरून असते. तिला कल्ल्यांबरोबर बाहेरची हवाही लागते, म्हणून ती ठरावीक वेळाने पृष्ठभागावर येऊन हवा घेते. तो आवाज आणि मागे राहिलेलं वर्तुळ ओळखायला शिकलात की निम्मं काम झालं.

तिच्यासाठी रबरी पोकळ बेडूक वापरा. त्याचे दोन्ही गळ पाठीला चिकटून वर वळलेले असतात, म्हणून तो जलपर्णीवरून न अडकता सरकतो. जिवंत बेडूक मुळीच लावू नका. बेडकाचे हाल होतात, आणि रबरी बेडकाने तेच काम होतं. दोरी ३० ते ४० पौंडांची ब्रेड. इथे न ताणली जाणारी दोरी हवी, कारण गळ बसल्या क्षणी मरळ जलपर्णीच्या मुळांत डोकं घालते आणि तिला तिथून लगेच बाहेर काढावं लागतं.

बेडूक पट्ट्यावर टाका, थांबा. एक झटका, पुन्हा थांबा. पट्ट्यातल्या मोकळ्या पाण्याच्या तुकड्यावर आला की सर्वांत जास्त थांबा. मरळ त्यावर झेपावली की पाणी फुटल्याचा आवाज होतो आणि हात आपोआप काठी मागे खेचू पाहतो. तो हात आवरायचा. काठीचं टोक खाली करा, सैल दोरी गुंडाळा, बेडूक तोंडात गेल्याचं वजन हाताला जाणवू द्या आणि मग जोराने मारा. एवढा एक-दीड सेकंदाचा धीर धरता आला की सुटणाऱ्या मरळींची संख्या एकदम कमी होते.

आता जे मनापासून सांगायचं आहे ते. मरळ आपल्या पिल्लांची राखण करते. नर-मादी दोघं मिळून तांबूस पिल्लांच्या थव्याखाली फिरतात. पिल्लं सगळी मिळून हवेसाठी वर येतात तेव्हा पाण्याचा तेवढा तुकडा क्षणभर थरथरतो. त्या थव्यावर बेडूक टाकला की आई-बाप हटकून धावून येतात, भुकेने नाही, राखणीसाठी. काही जण मुद्दाम हेच करतात, कारण मोठी मरळ इतक्या सहज दुसऱ्या कुठल्याच वेळी मिळत नाही. तिला काढलं की चिलापी आणि इतर मासे ती पिल्लं थोड्याच वेळात संपवतात. एका माशाच्या बदल्यात सगळी पैदास गेली. थवा दिसला की मी दोरी गुंडाळतो आणि पुढे चालू लागतो. बरोबर कोणी असेल त्यालाही थांबवतो, त्याला राग आला तरी चालेल.

९. महसीर सोडून द्यायचा

दख्खनच्या महसीराचं शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ साली पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून केलं. त्या मुळा-मुठेत आज तो शोधून सापडत नाही. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या बीजकेंद्रात १९७० च्या दशकापासून त्याची पिल्लं तयार केली जातात आणि ती ठिकठिकाणच्या पाण्यात सोडली गेली आहेत. महाडकडे काळ नदीतल्या वाळण कोंडीत तर देवीचा मासा म्हणून लोकच त्याला जपतात.

डोंगराकडच्या धरणात ओढ्याच्या तोंडाशी तो अधूनमधून गळाला लागतो. त्याच्या जबड्यात दात नसतात, पण घशातले दात एवढे बळकट असतात की हलका गळ वाकतो. म्हणून गळ जाड तारेचा, पण त्यावरचा काटा पकडीने दाबून सपाट केलेला असावा. हात ओले करून मासा धरा, कल्ल्यांत बोटं घालू नका, जबड्याला धरून उभा टांगू नका. गळ पाण्यातच काढा. फोटो हवाच असेल तर मासा अर्धा पाण्यात असताना काढा. मग त्याला सरळ धरून ठेवा आणि शेपटी स्वतः मारायला लागला की हात सोडा.

१०. लहान मुलांना चिलापी

मुलाला रीळ देऊ नका. कळकाची सरळ काठी, तिच्याच लांबीचा तंगूस, मोराच्या पिसाच्या दांडीचं बूच, १० नंबरचा गळ आणि गांडुळाचा तुकडा. आफ्रिकेतली ही चिलापी १९५२ साली भारतात आणली गेली आणि आता उजनीत तिचाच सुळसुळाट आहे. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे तिची वाढ थांबत नाही. हा मासा कितीही धरला तरी धरणाचं नुकसान नाही, आणि मुलाला दर थोड्या वेळाने बूच बुडताना दिसतं. शिवाय तळलेली चिलापी चवीला उत्तम, फक्त पाण्याला वास येत असेल त्या भागातली घरी आणू नये.

११. जीव आधी

उजनीच्या काठाने शेतीपंपांच्या वीजतारा सगळीकडे गेलेल्या आहेत, कित्येक ठिकाणी हाताच्या अंतरावर लोंबतात. आजच्या काठ्या कार्बन फायबरच्या असतात आणि कार्बनमधून वीज वाहते. काठी मागे नेऊन फेकण्याआधी दर वेळी डोक्यावर आणि मागे बघा. तारेखालून जाताना काठी सुटी करून, आडवी धरून न्या. ढग गडगडायला लागला की काठी जमिनीवर ठेवून काठापासून दूर व्हा.

वळवाचं वादळ मे महिन्यात दुपारनंतर काही मिनिटांत उठतं. २१ मे २०२४ रोजी कुगाव ते कळाशी जाणारी बोट अशाच वादळी वाऱ्यात उजनीच्या पाण्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. लाइफ जॅकेट अंगात घातल्याशिवाय होडीत पाय ठेवू नका, आणि मेमध्ये दुपारनंतर होडी घेऊच नका. ओसरत्या पाण्याच्या काठावरचा गाळ वरून वाळलेला, भेगा पडलेला दिसतो, आत मऊ असतो. काठीने टोचून बघितल्याशिवाय पाऊल टाकू नये, एकट्याने तर नाहीच. मुंबईच्या पवई तलावावर मगरी आहेत, तिथे पाण्यात पाय सोडून बसणाऱ्यांना मी नेहमी उठवतो.

१२. कोणाचं पाणी, कोणाची जाळी

धरणातल्या मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. मत्स्यबीज त्यांनी सोडलेलं असतं, पोटही त्यावर असतं. गळ टाकण्याआधी संस्थेच्या माणसाला भेटा, परवानगी आणि शुल्क विचारा. टाटा पॉवरच्या तलावांवर त्यांची परवानगी घ्या. पवईत महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनचे नियम पाळा. पाण्यावर बुचांची रांग दिसली तर ते कोणाचं तरी जाळं आहे, तिच्या आसपास फेकू नका.

तळ्याकाठी बंदूक किंवा फासे घेऊन बदकांमागे फिरणारे अजूनही अधूनमधून दिसतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा गुन्हा आहे, आणि भिगवणचे रोहित, चक्रवाक हजारो माणसं दुर्बीण घेऊन पाहायला येतात. असं कोणी दिसलं तर वनविभागाला कळवा. कासव चुकून गळाला लागलं तर गळ निघत असेल तर काढा, नसेल तर तोंडाशी तंगूस कापून त्याला पाण्यात सोडा. ते घरी नेणं हाही गुन्हाच.

१३. कापलेला तंगूस खिशात

एक इंचही काठावर टाकू नका. पक्ष्यांच्या पायांना आणि चोचीला गुंडाळलेला तंगूस मी सोडवला आहे, आणि सोडवता न आलेलाही पाहिला आहे.

१४. चढणीचे मासे जाऊ द्या

पहिला मोठा पाऊस झाला, ओढ्याला लाल पाणी आलं की मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात. आपले कटला, रोहू, मृगळ साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना वाहतं, नवं पाणी लागतं. गावोगाव लोक त्या रात्री कंदील, कोयते, पाट्या घेऊन ओढ्यात उतरतात आणि अंड्यांनी भरलेले मासे पाटीने भरून आणतात. पूर्वी माणसं थोडी होती, ओढे खूप होते, तेव्हा हे खपून गेलं. आता ओढ्यांवर बंधारे आहेत, वर चढायला वाट आधीच अडलेली आहे आणि जी मादी चढते तिच्या पोटात लाखांच्या संख्येने अंडी असतात. आमच्याकडच्या तरुण मुलांना मी दर वर्षी सांगतो की हे मासे सोडा, ऑक्टोबरात हाच मासा मोठा होऊन मिळेल. काही जण ऐकतात, त्यांच्या ओढ्यात पावसानंतर बोटभर पिल्लं दिसायला लागली आहेत.

जून ते सप्टेंबर मी गळ टाकत नाही. हे महिने सामानाच्या देखभालीचे. रीळ उघडून जुनं, वाळू मिसळलेलं ग्रीस पुसा आणि नवं अगदी थोडं लावा. तंगूस काढून टाका. उन्हाने नायलॉन ठिसूळ होतो, वरून चांगला दिसला तरी. काठीच्या कड्यांमधून कापसाचा बोळा फिरवा. कापूस अडकला तर कडीला चीर आहे, ती बदला. गळ कोरडे करून डबीत ठेवा, डबीत तांदळाचे चार दाणे टाका. आणि रीळ बांधून ठेवण्याआधी ड्रॅग पूर्ण सैल करा, म्हणजे आतल्या चकत्या दबून चपट्या होत नाहीत.